धुडकूमामाची लाल गाडी आणि मामीचा पदर

बेचाळीस वर्षांत जेठासमोर सिंधूमामीच्या डोक्यावरचा पदर कधी खाली आला नव्हता, तो त्या मंगळवारी आला. नुसता खाली नाही आला, पार मागे उडाला आन् झेंड्यासारखा फडफडत राहिला. कळसाडीत तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले असतील. दूध डेअरीच्या ओट्यावर रोजची पाच-सहा म्हातारी माणसं बसलेली होती. त्यांच्यात रेवजीबाबा, म्हणजे धुडकूमामाचे मोठे भाऊ, मामीचे जेठ. समोरून लाल गाडी आली, टप उघडलेली, दोनच सीटची, आन् स्टिअरिंगच्या चाकावर मामी. शेजारी डाव्या सीटवर मामा मान टाकून बसलेले.

रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी लागलेली होती. मामीनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. रेवजीबाबांनी अकरा वर्षं त्या गाडीकडे सरळ तोंड केलं नव्हतं, गाडी आली की ते डेअरीच्या भिंतीकडे वळून बसायचे, जसं काही भिंतीवर पेपर छापलेला आहे. त्या दिवशी ते उठले. काठी उचलून ट्रॅक्टरवाल्याच्या अंगावर गेले आन् ट्रॉली मागे घ्यायला लावली. गाडी त्यांच्या धोतराला वारा देऊन निघून गेली. पुढच्या ब्रेकरवर मामीनं वेग कमी केला नाही. गाडीचं पोट असं घासलं की डेअरीतल्या म्हशी बिथरल्या. धुडकूमामाच्या अंगात जीव असता तर त्या आवाजानं ते नक्की उठून बसले असते.

शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिलं आन् म्हणाले, "बाई, यांना जाऊन अर्धा तास झाला असेल."

म्हणजे मामा शेतातच गेले होते. मामी सगळ्या वाटेनं त्यांना रागावत आली होती. "माले गाडी शिकाडी आन् सोता झोपी गयात. उठा ना. तिसरा गिअर कधय टाकू, चौथा कधय टाकू, कोन सांगी?" ते सगळं तिनं कोणाला सांगितलं ते मग तिला कळलं.

आता ही गाडी आली कुठून ते सांगायला पाहिजे, नाहीतर वाटेल मामा कोणी मोठे शेठ होते. मामा साधे शेतकरी. तापीकाठची गुजर माणसं जसं करतात तसंच, केळी, कापूस, थोडा ऊस. चप्पल झिजली तरी वर्षभर वापरणारे. लग्नात फोटोग्राफरनं सरका म्हटलं की सरकणारे. असा माणूस.

अकरा वर्षांपूर्वी रेवजीबाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन सुरतला करायचं ठरलं. मामा त्यांना एसटीनं घेऊन गेले. ऑपरेशन झालं, एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्या डोळ्यात आधीपासूनच धुकं. दवाखान्याच्या समोर एक जुन्या गाड्यांचा दुकानदार होता. मामा चहा प्यायला गेले आन् तिथं ताडपत्रीखाली ती लाल गाडी उभी होती. कापडाच्या कोण्या व्यापाऱ्यानं हौसेनं घेतलेली, मग त्याचं पोट वाढलं, त्याला आत बसता येईना, म्हणून विकायला काढलेली. मामानं ताडपत्री थोडी उचलून पाहिली. मग सगळी उचलून पाहिली. मग दुकानदार म्हणाला, बसून बघा काका. तिथंच सगळं झालं. केळीच्या दोन हंगामाचे नव्या ट्रॅक्टरसाठी ठेवलेले पैसे गेले, एवढंच त्याबद्दल पुरे.

रेवजीबाबांना मामानं सांगितलंच नाही. म्हणाले, "भाऊ, गाडी करी लिधी, आरामात जाऊ." हाताला धरून आत बसवलं. सुरतच्या बाहेर निघाल्यावर रेवजीबाबांनी सीटखाली हात फिरवला. मग म्हणाले, "धुडकू, आपन रस्तावर बठेल शेतस का?"

"नही भाऊ, गाडीमा शेतस."

"मंग मन्हं ढुंगन रस्ताले काब्र लागी ऱ्हायनं?"

"नवी गाडी शे भाऊ, आशीच ऱ्हास."

"आन् हाऊ वारा?"

"एसी शे."

नवापूरच्या अलीकडे रेवजीबाबांची टोपी उडाली. मामानं गाडी थांबवून शोधली, सापडली नाही. विसरवाडीला चहाला उतरायचं म्हटलं तर रेवजीबाबांना उठताच येईना, एवढं खाली बसायची सवय त्यांना कुठली. ट्रकवाले गाडी बघायला जमले होतेच, त्यांच्यातल्या दोघांनी काखेत हात घालून त्यांना वर काढलं, चहा पाजला आन् परत खाली सोडलं, जसं विहिरीत मोटर सोडतात.

कळसाडीत पोचले तेव्हा संध्याकाळ. आमच्यात म्हातारा माणूस उघड्या डोक्यानं गावात शिरला म्हणजे घरात कोणी वारलं असं समजतात. रेवजीबाबा उघड्या डोक्यानं, डोळ्यावर पट्टी, आन् वर लाल गाडीत. बायका दारात आल्या, कोण गेलं कोण गेलं विचारायला लागल्या. दोघी-तिघींनी तर रडायला सुरुवातही केली होती. आठ दिवसांनी पट्टी सुटली, रेवजीबाबांनी गाडीचा रंग पाहिला आन् त्या दिवसापासून डेअरीच्या भिंतीकडे तोंड केलं ते केलं. भावाशी बोलणं चालू, गाडीशी बंद.

गावानं पण महिनाभर धुडकूमामाला सोडलं नाही. युरियाची एक गोणी बसत नाही, कोणी पेंडीचं पोतं टाकायला सांगितलं तर कुठं टाकणार. कोणी म्हणे, दोनच सीट, म्हणजे लेकरू झालं तर तिसरं टपावर, तर टपही उघडाच. मामा हसायचे. एकदा केळीचा एक घड पोत्यात गुंडाळून शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवून शहाद्याला नेला, तर पोलिसांनी थांबवलं. त्यांना वाटलं बाईला पोत्यात घालून नेतो आहे.

मामांना काय मिळायचं त्या गाडीत, ते मामीनं खूपदा विचारलं. मामा बोलणारे नव्हते, पण याच्यावर बोलायचे. "ट्रॅक्टरवर बठं ना की वावर खाले दिसस. आठे बठं ना, ते वावर वर दिसस. कपाशीनं बोंड कानपासून जास. आते इतला वरीस कापूस लाया, पन त्याले असं खालतून कधय दखंच नव्हतं." आन् आवाज. इंजिनाचा आवाज बरगडीत येतो म्हणायचे. बैलगाडीत आपण बैलाच्या मागे, ट्रॅक्टरवर धुराच्या मागे, इथं कोणाच्याच मागे नाही. प्रकाशा गावच्या पुलावर पहाटे तापीवरून जाताना ते एकटेच मोठ्यानं हसायचे, हे त्यांनी स्वतः मामीला सांगितलं होतं, थोडं लाजून.

एकदा म्हशीनं गाडीच्या मागच्या कोपऱ्याला शिंग घासलं. मामा डेंटरकडे घेऊन गेले. डेंटरनं नेहमीसारखा हातोडा उचलला आन् एक ठोका दिला. गाडीचं अंग पत्र्याचं नव्हतं, फायबरचं होतं. ताटाएवढं भगदाड पडलं. डेंटर हातोड्याकडे बघत राहिला, मामा भगदाडाकडे. मग शहाद्याचे जाकीरभाई, जे कूलरच्या बॉड्या आन् पाण्याच्या टाक्या करतात, त्यांनी ती जोडून दिली. जाकीरभाई म्हणाले, "धुडकूभाई, ये गाडी नहीं, टाकी है. अंदर पानी भरो तो भी चलेगी." लाल रंग थोडा वेगळा आला. मामा म्हणायचे, ठिगळ दिसतं म्हणून तर कोणी चोरणार नाही.

आता मामीचं. मामांची एकच हौस उरली होती, मामीनं घराच्या दारातून गाडीत बसावं आन् गावातून जावं. दुसरी सीट त्याच्यासाठीच आहे म्हणायचे. पण वाटेत डेअरी, डेअरीवर जेठ. जेठासमोर आमच्यात सून, भावजय पदर घेते, तोंडानं बोलत नाही, काही सांगायचं तर लेकराला नाहीतर भांड्याला सांगते. आन् उघड्या गाडीत पदर राहणार कसा. मामांनी शहाद्याच्या बाजारातून पिना आणल्या, चिमटे आणले, एकदा तर कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. मग त्यांनी शेतात मामीला बसवून मोजलं. काटा पंधरावर असला की पदर राहतो, वीसला हलतो, पंचवीसला जातो. म्हणाले, "मी गावमाथून पंधरानीच जासू." मामी म्हणाली, "तितलामा ते मी पायी जासू. आन् मोठा भाऊसमोर मी तशी बठाव नही. सांगी दिधं."

म्हणून असं ठरलं. मामी हातात विळा आन् डबा घेऊन पायी शेताकडे निघायची, जसं गवत कापायला चालली. मामा मागून गाडी घेऊन निघायचे, डेअरीसमोरून अगदी हळू, कुत्रे पुढे निघून जायचे एवढं हळू. गावाबाहेर पाटाजवळ मामी बसायची. मग पदर जायचा तर जायचा. सगळ्या गावाला हे माहिती होतं. कोणाला माहिती नाही असं फक्त मामीला वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी मामांना छातीचा त्रास झाला. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाडी चालवायची नाही, तणाव नको. मामा म्हणाले, तणाव गाडीत नाही, गाडीबाहेर आहे. डॉक्टर हसले नाहीत. तेव्हापासून मामांनी नवीन काम काढलं. शेतरस्त्याच्या मधोमध गवताचा जो उंच पट्टा असतो, तो ट्रॅक्टरनं सपाट करून टाकला, गाडीचं पोट लागू नये म्हणून. आन् पाटाजवळ गाडी थांबवून स्वतः डाव्या सीटवर सरकायला लागले.

"बठ तठे," म्हणाले.

"कोठे?"

"मन्ही जागावर. तू नही शिकनी ते हिन्हामा कोंबड्या बठतीन."

मामी एकसष्ट वर्षांची. पहिल्या दिवशी गाडी उड्या मारत चालली आन् विहिरीच्या काठावर थांबली. दुसऱ्या दिवशी केळीत घुसली. मामांनी घड गोळा केले, संध्याकाळी भाजी केली. चौथ्या महिन्यात मामीचा पाय क्लचवर बसला. मग ती पण हसायला लागली. मामांनी तिला विचारलं, काय वाटतं. ती म्हणाली, "बाजरी कांडताना जसं हाताले समजस, आते बस, तसं पायले समजस." मामा म्हणाले, हे तर मला नऊ वर्षांत सांगता आलं नाही.

पण गावातून नाही. पाटाच्या अलीकडे चाक मामांचं, डॉक्टर काही म्हणोत, पलीकडे मामीचं. आन् मामांकडून शपथ घेतलेली, कोणाला सांगायचं नाही, पोराला पण नाही. पोराला सांगितलं की सून भाविकाला कळणार, भाविकानं व्हिडिओ मागवला की सगळ्या गुजर समाजात जाणार, आन् मग जेठाच्या कानावर.

इथंच घोळ झाला. अमृत, मामांचा पोरगा, सुरतला साडीच्या दुकानात कामाला. त्यानं विचार केला, बाबांना चालवायची मनाई, आईला येत नाही, मग दारात लाल गाडी कशाला उभी. त्यानं विकायला म्हणून मोबाईलवर फोटो टाकले. नाशिकचा एक माणूस येत्या रविवारी बघायला येणार होता. मामांनी फोनवर नुसतं "बरं" म्हटलं आन् जेवले नाहीत.

त्या मंगळवारी दुपारी मामा दारात उभे राहून म्हणाले, "अमृतनी माय, आज आठूनच चालाव. एकदाव सगळ्यास्ले दखू दे. मंग अमृत इकाव नही."

मामी म्हणाली, "मोठा भाऊ बठेल व्हई."

"तो ते भितकडे दखस."

"मन्हा पाय थरथरतीन. ब्रेकना जागे दुसरंच दबाई जाई."

"मंग रविवारी ती जाई."

"जाऊ द्या मंग," मामी म्हणाली, आन् विळा-डबा घेऊन निघाली. हे वाक्य तिला नंतर फार टोचलं, पण तेव्हा ती चिडलेली होती, आन् त्यांचं असं रोजच चालायचं. पाटाजवळ मामा आले, मुकाट्यानं डावीकडे सरकले. मामी बसली. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला पहिल्यांदाच तिनं न बघता तिसरा गिअर टाकला, खाट असा आवाज न होता. तिनं त्यांच्याकडे न बघताच म्हटलं, "दखा, तिसरा पडना." मामा काही बोलले नाहीत. तिला वाटलं अजून रुसलेले आहेत. अर्धा रस्ता गेल्यावर तिनं मान वळवली.

मग पुढचं सांगून झालं आहे.

सुतक, दहावं, तेरावं सगळं झालं. सव्वा महिना मामी उंबऱ्याबाहेर आली नाही, रीतीप्रमाणं. गाडी दारात, टप लावून, तिच्यावर ताडपत्री. गावात त्या दिवसाबद्दल कोणी मामीसमोर बोललं नाही, आन् तिला वाटलं, न बोलणं म्हणजे सगळे तेच बोलत असतील, जेठासमोर पदर उडवत गेली. रेवजीबाबा रोज यायचे, पडवीत खाटेवर बसायचे, जायचे. मामी दाराआड.

सव्वा महिन्यानंतरच्या रविवारी अमृत नाशिकच्या माणसाला घेऊन आला. त्यानं ताडपत्री काढली, टप उघडून पाहिला, गाडीभोवती फिरला, ठिगळावर बोट फिरवलं, चाकाला लाथ मारून पाहिली. अमृत दाराशी येऊन म्हणाला, "आई, चावी दे. बाबा त्याच गाडीत गेले, ती डोळ्यासमोर नको."

चावी मामीच्या मुठीत होती. सकाळपासूनच होती. ती दाराआड उभी राहून सांगणार होती, गाडी मी चालवते, शब्द सगळे तयार होते. पण पडवीत रेवजीबाबा बसलेले, तिचं तोंडच उघडेना. अमृतला वाटलं आईला ऐकू आलं नाही. त्यानं परत मागितली.

रेवजीबाबा खाटेवरून म्हणाले, "अमृत, गाडी कोन चालावस?"

"कोनीच नही बाबा, म्हनून ते इकी ऱ्हायनू."

"मी दखेल शे."

"काय दखेल शे?"

"मन्हा डोयानं ऑपरेशन तुन्हा बापनी करी आनं. मंग जे दिसनं ते सांगू नको का? गाडी बेस चालनी. ब्रेकरवर घासनी, ते घासी. तो ब्रेकरच गाढवनी बनाडेल शे." थांबून दाराच्या चौकटीला म्हणाले, "माले शहादाले जानं शे. डोया दखाडना शेतस. एसटीमा धक्का लागतस."

चौकट काय बोलणार. पण चौकटीच्या आतून मामी निघाली. पदर डोक्यावर घेऊन, कानामागून घट्ट ओढून, त्याचं टोक दातात धरलेलं. कोणाकडे न बघता ती नाशिकच्या माणसाच्या आन् गाडीच्या मधून गेली, दार उघडलं आन् उजव्या सीटवर बसली. अमृत तिच्याकडे बघत राहिला, जसं आईला पोहता येतं हे त्याला आत्ता कळलं.

"बठाड माले," रेवजीबाबा त्याला म्हणाले. अमृतनं एका काखेत हात घातला, नाशिकच्या माणसानं दुसऱ्या, आन् त्यांना खाली सोडलं. त्या बिचाऱ्याला वाटलं ट्रायल चालली आहे.

गाडी सव्वा महिना उभी होती, चालू झाली तर पेट्रोलचा काटा तळाला. मामी डेअरीसमोरून गेली. पंधरानंच गेली. ओट्यावर रेवजीबाबांची जागा रिकामी होती, बाकीचे बसलेले होते. रेवजीबाबा डावीकडे ताठ बसलेले, टोपी एका हातानं दाबून.

शहाद्याच्या पंपावर मामीनं गाडी लावली. पंपावरचा माणूस धावत आला, त्यानं गाडी ओळखली. "धुडकूभाऊ कोठे शेतस?" म्हणाला, आन् मग त्याचं मामीच्या कपाळाकडे लक्ष गेलं. तो नळी काढायला वळला आन् परत आला.

"मावशी, टाकीचं झाकण तिकडल्या अंगाला आहे. नळी पोचत नाही. मागे घेऊन या बाजूनं लावा."

मामांनी तिला सगळं शिकवलं होतं, पण पेट्रोल ते स्वतःच भरून आणायचे. झाकण कोणत्या अंगाला, ते तिला सांगायचं त्यांना सुचलंच नाही. आन् मागे घेणं शेतात कधी लागलंच नव्हतं, खळ्यावर गोल फिरून यायची. मामीनं दातातला पदर सोडला.

"दादा, त्या बाबास्ले सांग," ती त्या माणसाला म्हणाली, "माले मांगे लेता येस नही. एक चक्कर मारीसन येनं पडी. तेस्ले उतरानं व्हई ते उतरी जावा."

तो माणूस रेवजीबाबांकडे वळला. ते दीड फुटावर बसलेले होते, सगळं ऐकलेलं होतं. तरी त्यानं सगळं परत सांगितलं.

"तिले सांग," रेवजीबाबा त्याला म्हणाले, "माले उतरता येस नही. आठून कोन काढी? मी बठेल शे. बाजारमाथून चक्कर मार म्हना, तठे रस्ता रुंद शे."

"मावशी, बाबा म्हणतात..."

"ऐकं मी," मामी म्हणाली.

तिनं पदर परत दातात धरला आन् गाडी रस्त्यावर काढली. रस्ता मोकळा होता. काटा पंचवीसच्या पुढं गेला. पंपावरचा माणूस नळी हातात धरून ती कोणत्या बाजूनं परत येते ते बघत उभा राहिला.